मधुमेहातली पायाची जखम: कल्चर रिपोर्टमधले ‘एस’, ‘आय’, ‘आर’ कसे वाचायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, मधुमेह पंधरा वर्षांपासून. डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी दोन महिन्यांपासून जखम आहे. दुखत नाही, पू नाही, ताप नाही. गावातल्या दवाखान्यात जखमेवरून स्वॅब (कापसाच्या बोळ्यावर घेतलेला नमुना) घेऊन कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला, पाठवला. रिपोर्टमध्ये स्युडोमोनास, ई. कोलाय आणि एन्टेरोकॉकस असे तीन जंतू आले आणि औषधांच्या यादीत बऱ्याच ठिकाणी ‘आर’, म्हणजे औषध चालत नाही. सोलापुरातल्या सर्जननी जखम साफ केली, पायावरचा भार काढायला सांगितलं आणि ‘सध्या अँटिबायोटिक नको’ म्हणाले. घरचे घाबरले आहेत. इंजेक्शनं सुरू करावीत का? मेरोपेनेम या इंजेक्शनपुढे ‘एस’ आणि सगळ्यात लहान आकडा आहे, म्हणजे तेच सगळ्यात चांगलं औषध का?

मी जंतुशास्त्राची डॉक्टर आहे. असे नमुने रोज माझ्या टेबलावर येतात आणि असे रिपोर्ट माझ्या सहीने बाहेर जातात. म्हणून आधीच सांगते: तुम्ही लिहिलेलं वर्णन बरोबर असेल, तर सर्जनचा निर्णय मला योग्य वाटतो. जखमेत जंतू वाढणं आणि जखमेला जंतुसंसर्ग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लॅबमध्ये कळते, दुसरी पाय बघूनच ठरते.

दोन महिने उघड्या असलेल्या कुठल्याही जखमेचा स्वॅब पाठवा, त्यात जंतू येणारच. कातडीवर, आतड्यात, बाथरूमच्या ओल्या फरशीवर जे असतात तेच तिथे येऊन बसतात. संसर्ग झाला असं म्हणायला डॉक्टर पाच गोष्टी बघतात: सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरच्या पुढे गेलेली लाली, दुखणं किंवा दाबल्यावर कळ, आजूबाजूची कातडी गरम लागणं आणि पू. यातल्या निदान दोन हव्यात, आणि गाउट (युरिक अॅसिडमुळे सुजलेला सांधा) किंवा हाडाच्या इजेसारखं दुसरं कारण नाही याची खात्री हवी. मधुमेही पायाच्या संसर्गावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना (२०२३) स्पष्ट सांगतात की ही लक्षणं नसतील तर अँटिबायोटिक देऊ नये. अशा जखमेचं कल्चरही करू नये, कारण रिपोर्ट हातात पडला की औषध द्यायचा मोह आवरत नाही. तुमच्या घरात आत्ता तेच चाललं आहे.

मात्र ही लक्षणं आपल्याकडच्या पायात शोधावी लागतात. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही. ती काळपट-जांभळी किंवा नुसती तुकतुकीत दिसते. दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा आणि हाताच्या पालथ्या बाजूने ऊब तपासा. नसा बधिर झाल्या असतील तर दुखणार नाही, आणि रक्तपुरवठा कमी असेल तर लालीही फारशी येणार नाही. ‘दुखत नाही’ हे म्हणूनच दिलासा देणारं वाक्य नाही. ताप येतोच असंही नाही. पायात खोल पू साठलेला असताना ज्यांना ताप नव्हता असे पुष्कळ रुग्ण असतात. एरवी आटोक्यात असलेली शुगर अचानक वर जाणं हे कधीकधी पहिलं चिन्ह असतं.

आता नमुन्याविषयी. इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण रिपोर्टची किंमत इथेच ठरते. जखमेच्या पृष्ठभागावरून फिरवलेला स्वॅब पृष्ठभागावरचे पाहुणे गोळा करतो. खरा त्रास देणारा जंतू खाली, जिवंत मांसात असतो. तो हवा असेल तर जखम सलाईनने धुऊन, वरचा पिवळा-काळा थर काढून, तळाची ऊती खरवडून किंवा छोटा तुकडा कापून पाठवायला हवी. हाडात संसर्ग असल्याची शंका असेल तर हाडाचाच तुकडा हवा. तो निर्जंतुक डबीत, सुकू नये म्हणून सलाईनचे चार थेंब घालून पाठवायचा. फॉर्मॅलिनमध्ये अजिबात नाही. फॉर्मॅलिन बायोप्सीसाठी असतं, त्यात जंतू मरतात. तरीही फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले तुकडे ‘कल्चर’ अशी चिठ्ठी लावून आमच्याकडे येतात, आणि ज्या रुग्णाचं बोट कापून तो तुकडा काढलेला असतो, त्याच्याकडून तो नमुना पुन्हा मिळत नाही.

वेळेचंही तसंच. ई. कोलायला अनुकूल वातावरण मिळालं तर तो साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी घेतलेला स्वॅब संध्याकाळी लॅबमध्ये पोचला, तर वाटेत तो सगळ्यांना मागे टाकून पुढे गेलेला असतो. ज्यांना प्राणवायू सोसत नाही असे अॅनारोब जंतू तोवर मेलेले असतात. शिवाय बहुतेक लॅबमध्ये त्यांच्यासाठी वेगळं कल्चर लावलंच जात नाही. ‘रिपोर्टमध्ये नाही’ याचा अर्थ ‘पायात नाही’ असा होत नाही. काळ्या पडलेल्या, कुजका वास येणाऱ्या जखमेत ते आहेत असं धरूनच उपचार करावे लागतात.

तीन-तीन जंतू एका साध्या स्वॅबमध्ये दिसले की मी आधी ग्रॅम स्टेनची, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती, काच पुन्हा बघते. त्यात पूपेशी फारशा नसतील आणि कातडीच्या पेशी भरपूर असतील, तर नमुना वरवरचा आहे हे उघड असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ग्रॅम स्टेनची ओळ आहे का बघा. बरेच जण ती वाचतच नाहीत. ती त्याच दिवशी मिळते, कल्चरला मात्र दोन-तीन दिवस लागतात.

कुठल्या पायात कुठला जंतू, याचे काही ठोकताळे आहेत. जखम ताजी असेल आणि आधी औषध झालेलं नसेल, तर बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा स्ट्रेप्टोकॉकस. बोटांमधल्या चिखल्यांतून किंवा टाचेच्या भेगांतून आत शिरून रातोरात पाय सुजवतो तो बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस. जुनी आणि औषधांचे दोन-तीन कोर्स झालेली जखम असेल तर ई. कोलाय, क्लेबसिएला, प्रोटियस असे ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी दिसणारे) जंतू येतात. पाय सतत ओला असेल तर स्युडोमोनास. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहणारे पाय, रोज कोमट पाण्यात बुडवून ठेवलेले पाय, ओल्या मोज्यांतले पाय ही त्याची आवडती जागा.

युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत पहिला क्रमांक स्टॅफिलोकॉकसचा असतो. आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांच्या आकडेवारीत ग्रॅम-निगेटिव्ह जंतू त्याच्या बरोबरीने किंवा पुढे दिसतात. उष्ण-दमट हवा, अनवाणी चालणं, उशिरा येणं आणि येण्याआधी मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्या, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. २०२३ च्या सूचनांनीही हा फरक मान्य केला आहे. समशीतोष्ण प्रदेशात स्युडोमोनासला धरून औषध सुरू करू नका असं त्या सांगतात. उष्ण किंवा उपोष्ण प्रदेशातल्या मध्यम-तीव्र संसर्गात, किंवा गेल्या काही आठवड्यांत त्याच जागेवरून तो मिळाला असेल तर, त्याचा विचार करायला सांगतात. म्हणून परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेला सल्ला आपल्या पायाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

आता तुमची यादी. ‘एस’ म्हणजे नेहमीच्या मात्रेत औषध लागू पडण्याची चांगली शक्यता, ‘आर’ म्हणजे मात्रा वाढवूनही अपयशाची शक्यता जास्त. पुढे छापलेला आकडा म्हणजे एमआयसी, त्या जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. हे आकडे एका औषधाचे दुसऱ्याशी ताडून बघायचेच नसतात. प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी आहे, कारण प्रत्येक औषध रक्तात वेगळ्या प्रमाणात पोचतं. ई. कोलायसाठी अमिकॅसिनपुढे २ असेल तर तो ‘एस’ आहे, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे तोच २ असेल तर ‘आर’. मेरोपेनेमपुढचा आकडा लहान आहे म्हणून ते यादीतलं उत्तम औषध ठरत नाही. उलट साध्या औषधापुढे ‘एस’ असेल तर मेरोपेनेम राखून ठेवायचं असतं.

‘आय’ बघून घाबरू नका. या सीमारेषा ठरवायच्या दोन पद्धती आहेत, युरोपीय आणि अमेरिकी. युरोपीय पद्धतीत २०१९ पासून ‘आय’चा अर्थ ‘जास्त मात्रा दिली तर लागू पडेल’ असा आहे. त्या पद्धतीने दिलेल्या रिपोर्टमध्ये साध्यासुध्या स्युडोमोनासपुढेही बऱ्याच औषधांना ‘आय’ लागतो. कोलिस्टिन या राखीव औषधाला तर अमेरिकी पद्धतीत २०२० पासून ‘एस’ हा वर्गच नाही, फक्त ‘आय’ आणि ‘आर’. त्यामुळे तिथे ‘आय’ हेच चांगल्यात चांगलं उत्तर. हे औषध किडनीला त्रासदायक असल्यामुळे मधुमेही रुग्णात दुसरा पर्याय उरला नाही तरच हात लावायचा.

‘आर’ किती वेळा आला हे मोजत बसणंही चुकीचं आहे. काही जंतू काही औषधांना जन्मतःच दाद देत नाहीत. एन्टेरोकॉकसवर सेफॅलोस्पोरिन गटातलं (सेफ्ट्रायक्झोन, सेफॅलेक्सिन वगैरे) कुठलंही नेहमीचं औषध चालत नाही. स्युडोमोनासवर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट आणि सेफ्ट्रायक्झोन चालत नाहीत, आणि मेरोपेनेमचंच भावंड असलेलं अर्टापेनेमही चालत नाही. प्रोटियसवर कोलिस्टिन चालत नाही. हे ‘आर’ वडिलांनी पूर्वी घेतलेल्या औषधांमुळे आलेले नाहीत. खरी काळजी वेगळ्या ओळींत असते. स्टॅफिलोकॉकससमोर सेफॉक्सिटिन ‘आर’ असेल तर तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस आहे, आणि पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटातली नेहमीची सगळी औषधं बाद होतात. त्याच स्टॅफिलोकॉकसवर क्लिंडामायसिन द्यायचं असेल तर डी-टेस्ट (लपलेला ‘आर’ शोधायची लॅबमधली चाचणी) झाली आहे का ते विचारायचं, कारण वरवर ‘एस’ दिसणारा जंतू उपचार सुरू असताना ‘आर’ होऊ शकतो. ई. कोलाय किंवा क्लेबसिएलासमोर सेफ्ट्रायक्झोन ‘आर’ असेल तर तो बहुधा ईएसबीएल (पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन तोडणारं एन्झाइम) बनवणारा आहे. आणि मेरोपेनेमच ‘आर’ असेल, तर त्यामागे आपल्याकडे बऱ्याचदा एनडीएम हे मेरोपेनेमही तोडणारं एन्झाइम असतं. २००८ मध्ये भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टमसारखं महागडं औषधही एकट्याने त्यावर चालत नाही, अॅझ्ट्रिओनामची जोड द्यावी लागते. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये मेरोपेनेम ‘एस’ आहे, म्हणजे ती वेळ आलेली नाही.

आणखी एक गैरसमज घरोघरी असतो: औषधाला न जुमानणारा जंतू म्हणजे जास्त विखारी जंतू. तसं नाही. साध्या पेनिसिलिनने मरणारा स्ट्रेप्टोकॉकस एका रात्रीत पाय आणि जीव दोन्ही धोक्यात आणू शकतो, आणि यादीभर ‘आर’ मिरवणारा स्युडोमोनास महिनोन्महिने जखमेच्या वरच्या थरात काही न करता पडून राहू शकतो.

मग ‘एस’ असलेलं औषध देऊनही जखम का भरत नाही? कारण आमच्या चाचणीत जंतू स्वच्छ पोषक माध्यमात एकटा असतो. पायात तसं नसतं. पाण्याच्या टाकीला आतून धरणाऱ्या बुळबुळीत थरासारखा एक चिकट थर जुन्या जखमेवर बनतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरातल्या जंतूंना मारायला कितीतरी पट जास्त औषध लागतं, इतकं की शरीरात देताच येत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो. मेलेल्या मांसात रक्त नसतं, म्हणून तिथे औषध पोचत नाही. पायाची मुख्य रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर सगळ्यात महागडं इंजेक्शनसुद्धा गुडघ्याखाली पुरेसं उतरत नाही. सर्जननी पायाची नाडी हाताने तपासली का, डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) केला का, हे नक्की विचारा. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ‘नॉर्मल’ आलं म्हणून थांबू नका. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून हा आकडा खोटा चांगला येतो. पायाच्या बोटाचा रक्तदाब किंवा डॉप्लरमधला प्रवाहाचा आलेख जास्त विश्वासाचा.

वडिलांच्या बाबतीत मला खरी काळजी हाडाची आहे. जखम दोन महिन्यांची आणि अंगठ्याच्या बुडाशी, म्हणजे नेमकी हाडाच्या टोकावर. निर्जंतुक धातूची सळई जखमेत घालून हाड लागतं का हे बघायला मिनिटभरही लागत नाही. सोबत ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि साधा एक्स-रे. ईएसआर ७० च्या वर असेल तर शंका बळावते. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे नॉर्मल असू शकतो, म्हणून पहिला चांगला आला तरी काही आठवड्यांनी पुन्हा काढतात, किंवा एमआरआय करतात. हाडात संसर्ग निघाला तर चित्र बदलतं. हाड न काढता उपचार करायचे तर साधारण सहा आठवडे औषध लागतं. हाड कापूनही कडेच्या तुकड्यात जंतू सापडले तर तीन आठवड्यांपर्यंत, आणि बाधित हाड पूर्ण निघालं तर फार थोडे दिवस. ही सगळी औषधं शिरेतूनच द्यावी लागतात असंही नाही. ब्रिटनमध्ये हाडा-सांध्यांच्या संसर्गाच्या हजाराहून जास्त रुग्णांवर ओव्हिवा नावाची चाचणी झाली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनांपेक्षा कमी पडत नाहीत, असं त्यात दिसलं. ‘गोळ्यांनी काय होणार’ हा आपल्याकडचा समज बऱ्याच जणांना विनाकारण सलाईनवर ठेवतो.

खरा संसर्ग झालाच तर डॉक्टर साधारण असं करतात. सौम्य असेल, म्हणजे लाली दोन सेंटीमीटरच्या आत आणि खोलवर काही नसेल, तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट किंवा सेफॅलेक्सिनसारख्या गोळ्या, एक ते दोन आठवडे. लाली त्याहून पसरली, स्नायू-हाडापर्यंत गेली किंवा ताप, धाप, जलद नाडी असेल, तर दाखल करून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखं रुंद पल्ल्याचं इंजेक्शन सुरू होतं. एमआरएसएची शंका असेल तर व्हँकोमायसिन किंवा तत्सम औषधाची जोड मिळते. रुग्ण स्थिर असेल तर पहिल्या डोसआधी ऊतीचा नमुना घेतात, आणि दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला की औषधाचा पल्ला कमी करतात. रिपोर्टमधल्या प्रत्येक जंतूला मारावंच लागतं असं नाही. मिश्र संसर्गात मुख्य गुन्हेगार हटला आणि मेलेलं मांस निघालं की एन्टेरोकॉकससारखे सोबती बहुधा आपोआप जातात. म्हणून पाय सुधारत असताना एका जंतूपुढे ‘आर’ दिसला, केवळ तेवढ्यावरून चालू औषध बदलायचं नसतं. मला फोन करणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी पहिला प्रश्न हाच विचारते: पाय कालच्यापेक्षा बरा आहे की वाईट?

औषध निवडताना ‘एस’ इतकंच किडनीचं आणि रोजच्या गोळ्यांचं भान लागतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढलेलं असेल तर अमिकॅसिन टाळायचं. कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसोबत शुगर धोकादायक खाली नेऊ शकतं आणि रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनसोबत पोटॅशियम वाढवू शकतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन-लिव्होफ्लॉक्सॅसिन गटाने शुगर वर-खाली होते. याच गटातल्या गॅटिफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या-इंजेक्शनांवर भारतात २०११ मध्ये याच कारणाने बंदी आली. लिनेझोलिड (एमआरएसएवरचं एक औषध) दोन आठवड्यांपुढे गेलं तर प्लेटलेट मोजत राहावं लागतं. वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची यादी प्रत्येक भेटीला सोबत न्या.

म्हणून मेडिकलमधून किंवा ओळखीच्या कंपाउंडरकडून इंजेक्शनं सुरू करू नका. आत्ता दिलेल्या मेरोपेनेमने जखम भरणार नाही. ते आतड्यातले साधे जंतू मारेल आणि न मरणारे मागे ठेवेल, आणि उद्या खरंच पाय सुजला तर हेच औषध हाताशी नसेल. जखमेत अँटिबायोटिक पावडरी टाकण्यानेही फायदा होत नाही. हळद, चुना, तंबाखूची राख, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीच नको. पाय गरम पाण्यात शेकणं तर मुळीच नको, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.

ही जखम बंद करणारी मुख्य गोष्ट म्हणजे त्या जागेवरचा भार काढणं. गुडघ्यापर्यंतचं, सहज न काढता येणारं प्लास्टर किंवा बूट यासाठी सगळ्यात चांगलं. मात्र रक्तपुरवठा आणि संसर्ग तपासल्यावरच ते लावतात. कडेचा घट्टा दर आठवड्या-दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडून कापून घ्यावा लागतो, घरी ब्लेडने नाही. घरात, अंगणात, देवघरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. तुमच्याकडे हे अवघड आहे, मला कल्पना आहे. पंढरपूर जवळ, आषाढी तोंडावर, आणि वडील दरवर्षी चालत जात असतील. यंदा ते गाडीने जाऊ देत, आणि मंदिराच्या रांगेत अनवाणी उभं राहणं टाळू देत. जखम तळव्याला आहे, प्रत्येक पाऊल तिच्यावरच पडतं.

पाय रोज दोनदा बघा, सकाळी आणि झोपण्याआधी. लाली किंवा सूज कालच्यापेक्षा पुढे गेली, वास सुरू झाला, बोट काळं-निळं पडलं, कातडीखाली दाबल्यावर करकर जाणवली, थंडी वाजली, वडील गुंगल्यासारखे वाटले किंवा शुगर कारणाशिवाय तीनशेच्या पुढे राहू लागली, तर रात्र असली तरी थांबू नका. थेट सर्जन असलेल्या रुग्णालयात जा. सोबत हा रिपोर्ट घ्या. आज त्यावर उपचार करायचे नसले, तरी पुढच्या काही आठवड्यांत संसर्ग झालाच तर इथे स्युडोमोनास होता आणि मेरोपेनेमला ‘एस’ होता, ही माहिती पहिलं इंजेक्शन निवडताना उपयोगी पडेल. स्वॅब कुठल्या तारखेला घेतला आणि त्याआधीच्या महिन्यात कुठल्या गोळ्या झाल्या, हे त्याच कागदावर पेनाने लिहून ठेवा.